बांधावरची पहिली सकाळ

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. आधी वर चढलाय त्याला करवत थांबवायला सांग.”

“दोनच फांद्या राहिल्यात.”

“दोन राहिल्यात? म्हणजे तोडल्या किती?”

“आइली, तू इथे कशाला आलीस?”

“मी कशाला आले? हे तू मला विचारतोस? जीभ कशी रे वळते तुझी?”

सख्ख्या भावाबहिणीचं हे भांडण कुजबुजत चाललं होतं. रेनो कोस्केला पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, मान नसलेला माणूस. आइली त्याच्याहून थोडी लहान, त्याच्या निम्म्या अंगाची, आणि रागात त्याच्या दुप्पट. दोघांचे चेहरे लालबुंद, हात हवेत नाचतायत, पण आवाज मात्र चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकावर जुंपावी तसा दाबलेला. कारण समोर बीव्हर या पाण्यातल्या प्राण्याने फांद्या रचून घातलेला जुना बांध होता, बांधापलीकडे सीडरच्या झाडांची दलदल होती, आणि दलदलीच्या पोटात एका कोरड्या उंचवट्यावर एक नर हरीण झोपलेलं होतं. त्याने शिंगं घासून सोलून काढलेली झाडं आइलीने पाहिली होती. तिच्या मांडीएवढी जाड झाडं. हरणाच्या शिकारीचा मोसम आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला उघडतो, आणि त्याला आता फक्त तीन दिवस उरले होते. अशा दिवसांत या बांधाजवळ माणसाने खोकूसुद्धा नये. आणि इथे रेनोचा जावई झाडावर चढून करवत चालवत होता.

“मी खाली येऊ का?” जावयाने, म्हणजे ट्रेंटने, वरून विचारलं.

“नको!” रेनो.

“ये!” आइली.

ट्रेंट एक पाय फळीवर आणि एक हवेत ठेवून तसाच थांबला. मचाणाच्या नव्या फळ्या इतक्या पांढऱ्याशुभ्र होत्या की आंधळ्या हरणालाही दिसल्या असत्या. पोरगा तसा वाईट नव्हता, पण पुलाखालचा. मिशिगनचा दक्षिण भाग मोठ्या पुलाच्या पलीकडे आहे, म्हणून तिकडच्यांना आम्ही पुलाखालचे म्हणतो. त्याने सकाळी गुळगुळीत दाढी करून गालांना काहीतरी सुगंधी चोपडलं होतं.

“लग्नाला निघालाय का हा?” आइली फिसकारली. “वास बघ! मला खाली उभं राहून येतोय. त्या नाकवाल्याचं काय झालं असेल तिकडे?”

“वारा आपल्या बाजूचा आहे.”

“सकाळी होता. दुपारी फिरतो. या खोलगटात दुपारी वारा फिरतो हे तुला सांगितलं कुणी?”

“कुणी?”

“मीच, मूर्खा!”

“हे बघ, पोराचा पहिला मोसम आहे. जरा मोठं मन कर.”

“माझंच मन मोठं करायचं दरवर्षी. तुम्हा लोकांची मनं काय धुवायला टाकलीयत? या वर्षी बांधावर मी बसणार, असं तुला सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतंस.”

“तेव्हा तू काय म्हणालास?”

“काय म्हणालो?”

“काही नाही म्हणालास. हसलास.”

“मग? हसणं म्हणजे हो का?”

“मी तसं धरलं. माझंच चुकलं.”

चुकलं हे खरं. पण असं धरून चालायची सवय तिला एका दिवसात लागलेली नव्हती.

आइली, लग्नानंतरची मिसेस हाकाला, गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. केसांवर जाळी, हातात लांब डाव, समोर रांगेत उभी पोरं. “मिसेस हाकाला, आणखी थोडं,” असं कुणी म्हणालं तर ती डोळे वटारून आणखी बरंच वाढायची. नवरा, एडविन, लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला. सुपीरियर तलाव गोठेपर्यंत तो पाण्यावर, त्यामुळे पानं पिकल्यापासून बर्फ धरेपर्यंत आइलीवर कुणाचं लक्ष नसायचं. शाळेची भांडी घासून झाली की ती रबरी बूट चढवायची आणि रानात शिरायची.

रान हेरायचं वेड तिला लहानपणापासूनचं. तिला कुणी शिकवलं नाही. शिकवलं रेनोला. बाबा, म्हणजे तौनो कोस्केला, खाणीतून सुट्टी मिळाली की रेनोला बरोबर घेऊन जायचे, आणि आइली न बोलावता मागून चालायची. रेनो वर बघत चालायचा, ही खाली बघत. रेनोला डासांनी फोडून काढलं की तो रडायचा आणि बाबा परत फिरायचे. हिला मात्र खाली सगळं दिसायचं: चिखलात खूर कुठे रुतला, कुठे घसरला, कुठे एकटीच मादी गेली आणि कुठे तिच्यामागून नाक जमिनीला लावून नर गेला. एका मार्च महिन्यात तिला बर्फाखालून वर आलेलं एक गळून पडलेलं शिंग सापडलं. नरांची शिंगं दर हिवाळ्यात गळतात, पण ती माणसाच्या हाती क्वचित लागतात. तिने ते धावत आणून बाबांना दिलं. बाबांनी ते कॅम्पवर रेनोच्या बिछान्यावर खिळ्याला टांगलं. “तुला कॅम्पवर कुठे झोपायचंय?” ते म्हणाले. आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या हातून अन्याय होतो त्याला तो इतका सहज कसा जमतो, कोण जाणे!

कॅम्प म्हणजे रानातली लाकडी खोली. एक शेगडी, भिंतीला लागून एकावर एक बिछाने, बाहेर सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, झोपडी. प्रत्येक घराचा एक कॅम्प असतो, आणि मोसम उघडण्याच्या आदल्या दिवशी तो पुरुषांचा होतो. बायकांनी तोवर झाडलोट करायची, सौनाची लाकडं रचायची, मांस-बटाट्याच्या पेस्ट्या आणि वेलदोड्याचा पाव करून ठेवायचा, आणि घरी जायचं. शाळा त्या दिवशी बंद, खाण बंद, बँकेतही एखादी बाई तेवढी बसलेली. पुरुष आठवडाभर रानात. आठवडा संपला की ते दाढ्या वाढवून, खोकत, बढाया मारत कामावर परततात. मग मोसमाचा दुसरा आठवडा उरतो. तो उरलेला आठवडा आइलीचा. लग्न झाल्यापासून ती दुसऱ्या आठवड्यात एकटी शिकार करायची आणि बहुतेक वर्षी हरीण घेऊन यायची. ते कुठे मिळालं हे तिला कधीच कुणी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यातल्या हरणाची गोष्ट गावभर होते. दुसऱ्या आठवड्यातल्या हरणाचं फक्त मटण होतं.

आणि पहिल्या आठवड्यासाठी रान कोण हेरायचं? तीच.

मार्चमध्ये बर्फ उतरतो तेव्हा आधीच्या मोसमातलं सगळं जसंच्या तसं खाली सापडतं. दबून बसकण झालेलं गवत, खुरांनी उकरलेली माती, लेंड्या, सोललेली झाडं. शिकार तेव्हा लांब असते, कितीही तुडवलं तरी हरणं तोवर विसरतात. म्हणून तेव्हा आत जाऊन चालायचं. उन्हाळ्यात लांबूनच बघायचं. पानं पिकली की काठाकाठाने फिरायचं, आणि पावसाळी दिवस बघून एकदाच आत जाऊन यायचं, म्हणजे पाऊस माणसाचा वास धुऊन टाकतो. त्यानंतर दलदलीकडे पाठ. कपडे लाकडांच्या कोठारात सीडरच्या डहाळ्यांत घालून ठेवायचे. हे सगळं ती करायची, आणि ऑक्टोबरच्या शेवटी सौनातून न्हाऊन आल्यावर कॉफीच्या टेबलापाशी सांगायची: यंदा हरणं तरण्या पॉपलरच्या रानात चरतायत, पहाटे बांधावरून परततात, वारा अमुक, बसायचं तमुक झाडावर. बाबा मान डोलवायचे. रेनो कान देऊन ऐकायचा. आणि पंधरा तारखेला त्या झाडावर रेनो बसायचा.

आता या कॅम्पला एक नियम होता, आणि तो बाबांनीच घातलेला. ज्याने वाट शोधली, पहिली सकाळ त्याची. दुसऱ्या दिवसापासून कुणीही कुठेही बसावं, पण पहिली सकाळ त्याची. नियम कसा, तर कडक! एकदा बाबांचे जुने सोबती ओइवा यांनी टेकडीमागची वाट शोधली, तर बाबा स्वतः पाय दुखत असूनही लांबच्या खडकावर जाऊन बसले आणि ओइवांना टेकडी दिली. एकदा पाहुणे आलेल्या पाद्रीबाबांनी गोड बोलून चांगली जागा मागितली, तर त्यांना सांगितलं, तुम्ही प्रार्थना करा, जागा ज्याची आहे त्याची आहे. इतका कडक नियम. मग आइलीने शोधलेल्या वाटेचं काय? तिथे मात्र सगळे म्हणायचे, “कोस्केलांनी शोधली.” वाट घराची झाली, आणि घराची म्हणजे घरातल्या पुरुषाची. असं तोंडाने कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. या वर्षी मार्चमध्ये आइलीने दलदलीत तो कोरडा उंचवटा शोधला. एवढ्या वर्षांत त्याचा कुणाला पत्ताच नव्हता. चहूबाजूंनी पाणी, वर दाट सीडर, आणि मधे एकाच मोठ्या हरणाची बसकण, वर्षानुवर्षं वापरलेली. तिथून बाहेर पडायला आणि परतायला एकच सोयीची वाट, बीव्हरचा बांध. ती बांधाशी उकिडवी बसली आणि तिच्या मनात पहिल्यांदा स्वच्छ आलं, की इथे पहिल्या सकाळी मी बसणार. मी.

ऑक्टोबरात तिने ते रेनोला सांगितलं. सगळं सांगितलं, कारण सांगायची सवय होती. आणि तो हसला.

“तुझं चुकलं ना? मग मिटलं तर,” बांधावर रेनो आता म्हणत होता.

“मिटलं? नियम कुणाचा आहे?”

“बाबांचा.”

“काय आहे नियम?”

“आइली, तो नियम कॅम्पच्या माणसांसाठी.”

“मग मी कोण? कॅम्पची केरसुणी?”

“असं वेडंवाकडं बोलू नकोस. पहिल्या सकाळी कॅम्पवर बाई, असं कधी झालंय का? बाजूच्या कॅम्पवाले काय म्हणतील? रेनो कोस्केला बहिणीला पुढे करतो म्हणतील!”

“आणि आजवर बहिणीच्या मागे लपून मारलेली हरणं? त्यांचं काय म्हणतील?”

“मी कुणाच्या मागे लपलो नाही!”

हे वाक्य कुजबुजीतलं नव्हतं. वरून ट्रेंट घाईघाईने सासऱ्याला म्हणाला, “हळू, हळू...”

“लपलास!” आइलीचा आवाजही आता खुला झाला. “एक वाट, रेनो! तुझ्या उभ्या जन्मात तू शोधलेली एक वाट दाखव! दलदलीत गुडघाभर उतरायला सांगितलं की तुला ताप यायचा! तुझ्या बिछान्यावरचं शिंगसुद्धा माझं आहे!”

“मग घे ते शिंग! घे आणि घाल...”

आणि तेवढ्यात ते झालं.

आधी पाण्यात काहीतरी जड आदळल्याचा आवाज. मग फुर्रर्र, नाकातून जोरात हवा सोडल्यासारखं, एकदा, दोनदा. मग फांद्या मोडत गेल्या, आणि सीडरच्या काळोखात एक पांढरी शेपटी उंच उभारलेली दिसली. डावीकडून उजवीकडे गेली, परत दिसली, चढाच्या दिशेने वळली आणि संपली. शिंगं कुणालाच दिसली नाहीत. दलदलीतलं पाणी मात्र बराच वेळ झुलत राहिलं.

आता हवं तेवढं ओरडायची मुभा होती.

आइलीने मान खाली घातली आणि तिला आपलेच बूट दिसले. बूट कसले, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या चपट्या तळाचे जोडे. करवतीचा आवाज रस्त्यावरून कानावर पडला, तशी ती मोटार उभी करून, एप्रनवर कोट चढवून, सरळ आत घुसली होती. कांदे तळल्याचा वास अंगावर, आणि वारा पाठीवर. ऑक्टोबरनंतर इथे पाय टाकू नये हे जिने सगळ्यांना शिकवलं, तीच वाऱ्याकडे न बघता आली होती, आणि आपल्या तोंडाने त्याला उठवून लावलं होतं. बाकी कुणावर चिडता येत होतं तेवढी ती चिडली होतीच. आता स्वतःवरही चिडली, आणि त्याने रेनोवरचा राग तसूभरही कमी झाला नाही.

“वा,” रेनो म्हणाला. “छान केलंस.”

“आपण केलं.”

“मी हळू बोल म्हणालो होतो.”

“करवत चालवत!”

पण रेनो तोवर चालायला लागला होता. सासरा निघाला म्हटल्यावर ट्रेंट झाडावरून उतरला आणि हळूच म्हणाला, “आत्या, मला खरंच माहीत नव्हतं ही जागा तुमची आहे. ते म्हणाले, आमची आहे.”

“आमची,” आइली म्हणाली. “हो. तोच शब्द आहे त्यांचा.”

कॅम्पवर ओइवाकाका शेगडीपाशी बसून बटाटे सोलत होते. सत्तरी कधीच उलटलेली, भुवया सीडरच्या शेवाळासारख्या लोंबणाऱ्या. तौनो गेल्यावर कॅम्पमधला वडीलधारा माणूस म्हणजे तेच, नियम सांगायचा अधिकार त्यांचा. आइली मोटारीने मागोमाग आली ती त्यासाठीच. पण रेनो दोन पावलं पुढे होता, आणि तेवढं पुरलं.

“आइलीने नर उठवला,” दारातच त्याने जाहीर केलं.

ओइवाकाकांच्या हातातला बटाटा थांबला. “कुठला?”

“बांधावरचा. ओरडून ओरडून उठवला. शेपटी वर करून गेला.”

“अरेरे,” ओइवाकाका म्हणाले. त्यांनी आइलीकडे असं पाहिलं, जणू तिने बाप्तिस्म्याच्या पाण्यात बूट धुतले. “अगं, तू? तुला तर कळतं.”

“कळतं, काका. म्हणूनच विचारायला आले. मी ओरडले, हे खरं. तोही ओरडला. पण त्याआधी हे दोघं तिथे ठोकाठोकी करत होते. ते राहू दे. मला एक सांगा. ज्याने वाट शोधली, पहिली सकाळ त्याची. हा नियम आहे की नाही?”

“आहे.”

“बांधावरची वाट कुणी शोधली?”

ओइवाकाकांनी बटाटा खाली ठेवला. हात पुसले. बशीत कॉफी ओतली, साखरेचा खडा दातांत धरला आणि त्यातून कॉफी गाळत गाळत ओढू लागले. आमच्याकडची जुनी माणसं अशीच कॉफी पितात, आणि उत्तर द्यायचं नसेल तेव्हा फार सावकाश पितात.

“काका.”

“ऐकतोय गं.”

“कुणी शोधली?”

“कोस्केलांनी,” ओइवाकाका म्हणाले.

आइली हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

“तुम्ही टेकडीमागची वाट शोधलीत तेव्हा ती कुणाची होती? तुमच्या घराण्याची? बाबा लंगडत त्या खडकावर गेले, तेव्हा कुणी म्हणालं का की ओइवा काय, कॅम्प काय, सगळं एकच?”

“ते वेगळं होतं.”

“कसं वेगळं?”

“आइली,” ओइवाकाका जरा कळवळून म्हणाले, “तौनोने तुला कधी बसवलं नाही. त्याच्या मनात असतं तर बसवलं असतं. आता त्याच्या माघारी मी कसा बसवू?”

“बाबांनी कधी मनात आणलं नाही. तुम्ही तरी आणा! तुमच्या डोळ्यांदेखत मी इथे चिखलाचे बूट काढत आलेय. दर ऑक्टोबरात माझ्याच तोंडून ऐकलंत कुठे बसायचं ते. एकदा तरी, एकदा तरी कुणाच्या मनात आलं का, की हिला विचारावं, बाई, तुला बसायचंय का?”

“विचारलं नाही, पण तूही कधी बोलली नाहीस,” रेनो म्हणाला.

“या वर्षी बोलले!”

“आणि त्याचा परिणाम बघ!”

ट्रेंट दाराशी उभा होता. त्याने घसा खाकरला. “मला खरंच काही हरकत नाही. आत्यांनी बसावं. मी कुठेही बसेन.”

“तू गप्प बस,” रेनो म्हणाला.

“ते पोर एकटं शहाणं आहे इथे,” आइली म्हणाली, “आणि ते पुलाखालचं आहे. विचार करा जरा.”

ओइवाकाकांना त्याही स्थितीत हसू फुटलं आणि साखरेचा खडा घशात गेला. ते खोकले, रेनोने त्यांच्या पाठीवर थोपटलं, आणि थोपटता थोपटता त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार भाव आला. आइलीला तो भाव ओळखीचा होता. वडिलांची जुनी मोटार स्वतः घेऊन तिला शिवणयंत्र देताना रेनोचा चेहरा असाच झाला होता.

तो समोरच्या बाकावर बसला, गुडघ्यांवर तळवे ठेवले.

“बरं,” तो म्हणाला. “घरातली माणसं आहोत, भांडण कशाला? काका, नियम तो नियम. मी माघार घेतो. आइली, बांध तुझा. मचाण तयार आहे, फळ्या पक्क्या ठोकल्यात. पहिली सकाळ तुझी. बाजूचे काय म्हणायचं ते म्हणोत. झालं?”

“बघ!” ओइवाकाकांचा जीव भांड्यात पडला. “बघ, शेवटी भाऊ आहे तो! झालं ना मनासारखं?”

आइली त्यांच्याकडे बघत राहिली. एकाकडे, मग दुसऱ्याकडे. काकांना खरोखरच आनंद झाला होता. रेनोला खरोखरच आपण काहीतरी मोठं दिलं असं वाटत होतं. आणि दिलं काय होतं? उठलेलं रान. करवतीचा भुसा पसरलेला, गालाच्या सुगंधाने आणि तळलेल्या कांद्याने दरवळणारा एक बांध. तिथे हा आठवडा संपेपर्यंत खारीशिवाय काही फिरकणार नव्हतं. कालपर्यंत जी जागा तिला मिळणं अशक्य होतं, ती आज तिचीच होती, कारण आज तिथे काही उरलं नव्हतं. आणि वर तिने आभार मानावेत, अशी त्यांची वाट बघणारी तोंडं.

तिला ओरडायचं होतं. पण आज एकदा ओरडून झालं होतं.

दलदलीतून हुसकावलेला नर कुठे जातो, हे या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. पुरुषांनी पहिल्या आठवड्यात सगळं रान घुसळून काढलं की शहाणी हरणं चढ चढून एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीकडे जातात. तिथे खाली पोखरलेली जमीन खचून मोठमोठे खड्डे पडलेत, त्यांच्याभोवती कंपनीने जाळीचं कुंपण घातलंय, आत जायला बंदी आहे, म्हणून माणूस तिकडे वळत नाही. कुंपणाच्या एका कोपऱ्यात जाळी वर उचलली गेलीय. तिच्या खालच्या तारेला हरणांचे केस अडकलेले असतात. आइली दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या बाजूला, तिथून हाकेच्या अंतरावर, एका उन्मळलेल्या हेमलॉकच्या झाडाच्या मुळांत बसायची. तिची सगळी हरणं तिथली. पहिल्या आठवड्यात तिला घरी बसवलं नसतं, तर ती जागा तिला कधी सापडलीच नसती.

पांढरी शेपटी चढाकडेच वळली होती. तिने पाहिलं होतं.

रेनोनेही ते पाहिलं असावं. किंवा आइलीच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा वाचायला तो तेवढा शिकला होता.

“आता एकच सांग,” तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात, ऑक्टोबरच्या कॉफीच्या टेबलावरच्या आवाजात. “तो गेला कुठे असेल? तुला अंदाज असणार. बांध तर तुला दिलाच आहे. पण पोरगं एवढ्या लांबून आलंय, रिकाम्या हाताने परत गेलं तर माझ्या लेकीला काय वाटेल? ट्रेंटला कुठे बसवू?”

ओइवाकाकांनी बशी खाली ठेवली. रेनो बाकावर पुढे झुकला. दोघंही तिच्या तोंडाकडे बघू लागले, दरवर्षी बघायचे तसेच.

आइलीने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. एक बाही चढवली, मग दुसरी. टोपी कानांवर ओढली. टेबलावर तिने सकाळीच आणून ठेवलेला वेलदोड्याचा पाव फडक्यात गुंडाळलेला होता. तो तिने बगलेत मारला.

“आइली?” रेनो म्हणाला. “अगं, विचारतोय मी. कुठे बसवू त्याला?”

ट्रेंट दारातून बाजूला झाला. ती बाहेर गेली.